जुन्या तुपाची बरणी

शके १८६२, श्रावण वद्य ५. सेलू

आज दाढ काढली. वरची, डाव्या बाजूची. लिंबाजी न्हावी म्हणाला, दोन दिवस बोलायचं नाही. मोंढ्यात सकाळपासून दिवे लागेपर्यंत बडबड करणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे बैलाला शेपूट हलवू नको म्हणण्यातला प्रकार. बसून बसून कंटाळलो, म्हणून घरात पडलेली एक कोरी वही काढली. चौथीपर्यंत शाळा झाली, त्यानंतर आकड्यांपलीकडे काही लिहिलेलं नाही. हात वळत नाही, पण वेळ जातो.

दाढ बरेच दिवस हलत होती. किडलेली मात्र नव्हती. लिंबाजीने चिमट्यात धरून मला दाखवली, पांढरीशुभ्र. म्हणाला, दाढ तर चांगली आहे मालक, मग हलत कशाने होती? मला बोलता येत नव्हतं, नाहीतर म्हटलं असतं की बाबा, ते तुला ठाऊक असायला पाहिजे.

कमलने मऊ भात केला आहे. लेकी दोघी सासरी गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी गप्प, तीही गप्प. बोलत मीच असतो, हे आज लक्षात आलं.

श्रावण वद्य ११

दाढेची जागा भरत नाही. जिभेने चाचपलं की मऊ मांस लागतं. थुंकलं की लाल. डावी नाकपुडीही चोंदली आहे. पावसाळ्याचे दिवस, सर्दी झाली असणार.

आजपासून मोंढ्यात जायला लागलो. माझं काम दिसायला सोपं. खेड्यापाड्यांतून माणसं तुपाचे डबे घेऊन येतात. मी बोट घालतो, तूप हाताच्या पाठीवर चोळतो, नाकाशी नेतो आणि सांगतो: अव्वल, दुय्यम, नाहीतर परत. कुणी करडईचं तेल मिसळतं, कुणी चरबी, हल्ली कारखान्यातलं वनस्पती तूपसुद्धा यायला लागलं आहे. मला झाकण उघडतानाच कळतं. वडिलांनाही कळायचं. आम्ही मूळचे वालूरचे कुणबी, पण वडिलांच्या नाकाने आम्हाला सेलूच्या मोंढ्यात आणून बसवलं. आबासाहेबांची आडत मोठी, पण त्या आडतीचं नाक मी. हे मी नाही म्हणत, तेच चार माणसांत म्हणतात.

भाद्रपद शुद्ध ८

सकाळी नाकातून रक्त आलं. फार नाही, उपरण्याचं टोक भरलं एवढंच. कमल घाबरली. मी म्हटलं, उष्णता झाली. घरात औषध असताना दवाखान्याच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या? वडिलांनी भरून ठेवलेली जुन्या तुपाची बरणी फडताळात आहे. तूप जितकं जुनं तितकं गुणाचं. भाजल्यावर लावा, जखमेवर लावा, नाकात सोडा. रंग काळपट होतो आणि वास असा सुटतो की नवख्याला ओकारी यावी. आम्हा धंद्यातल्या लोकांना तो वास ओळखीचा. आजपासून रोज संध्याकाळी कमल कापसाच्या वातीने दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडणार आहे. पहिल्याच दिवशी हलकं वाटलं.

भाद्रपद वद्य ६

पितृपंधरवडा. तुपाला उठाव आहे. अंगात मात्र उठाव नाही. दुपारी बैठकीवर डोळा लागला.

भिवराबाई आली होती. वालूरच्या शिवारातली धनगरीण. मेंढरं तिच्या नवऱ्याची, म्हशी तिच्या. आजवर तिचा डबा कधी परत गेलेला नाही. मी चोळलं, हुंगलं, म्हटलं अव्वल. एवढ्यावर बाईने उठावं की नाही? ती बसूनच राहिली. मग हळूच म्हणाली, "मालक, परत एकडाव बघा. आवंदा लोणी कडवताना खाली लागलं व्हतं. घरात समद्यांला करपट वास यायलाय, तुमी अव्वल कसं म्हणायलाव?"

चार माणसं ऐकत होती. मी म्हटलं, पारख तुझी की माझी? ती उठली, पण जाताना माझ्याकडे असं बघत गेली की जणू मीच काहीतरी मिसळून विकलं आहे. आता डबे आणणाऱ्या बायका पारख्याला शहाणपण शिकवणार. नाकापेक्षा मोती जड.

सर्दी आहे हे खरं. पण मला रंगावरून कळतं, कणीवरून कळतं. इतक्या वर्षांची पारख एका नाकपुडीवर थोडीच असते.

आश्विन शुद्ध ४

आबासाहेबांनी माझी बैठक आडतीतून उचलून बाहेर लिंबाखाली मांडली. म्हणाले, तुमच्यासारख्याने कोंदट जागेत का बसावं, मोकळी हवा घ्या. माणसाला माणसाची कदर असावी ती अशी.

कमलला मात्र देवाचं वेड लागलं आहे. नवरात्राचे उपास होतेच, त्यात सोमवार, गुरुवार, शनिवार धरले. जेवताना माझ्या शेजारी बसते, मला भात कालवून देते, स्वतःच्या ताटात दोन घास चिवडते आणि म्हणते आज माझा उपास आहे. घरात सकाळ-संध्याकाळ ऊद जाळते. डोळे चुरचुरतात. मी म्हटलं, अगं देवालासुद्धा खोकला येईल. हसली नाही. वाळत चालली आहे. उपासाने देव भेटतो की नाही ठाऊक नाही, तिच्या गळ्याची हाडं मात्र भेटायला लागली आहेत.

आश्विन वद्य २

दाढी करताना लिंबाजीचा वस्तरा लागला. डाव्या गालाला, नाकाच्या बाजूला. रक्त मानेपर्यंत आलं तेव्हा त्यालाच कळलं, मला नाही. चिमटा काढून बघितला. गाल माझा नसल्यासारखा. लिंबाजी दाढी करताना तोंडावर फडकं बांधतो हल्ली. विचारलं तर म्हणाला, खोकला झालाय.

मोंढ्यातही काही माणसं पदर, उपरणं नाकाला लावून बोलतात. एक दोघांनी तोंडच फिरवलं. मी हसून सांगितलं, अरे जुनं तूप सोडतो नाकात, त्याचा भपकारा आहे. जुनं तूप आजकाल कुणाला माहीत आहे? सगळे आपले ताज्या तुपाचे गिऱ्हाईक. घरी येऊन कमलला सांगितलं. ती म्हणाली, "हां, त्येचाच वास हाय." पुन्हा वात घेऊन बसली.

तूप चांगलं मुरलेलं आहे. अजूनही वडिलांचा हात कळतो त्यात.

कार्तिक शुद्ध ९. परभणी

डाव्या डोळ्यातून सारखं पाणी येतं. काल एक डबा दोन दिसले. कमल ऐकेना, म्हणून गाडीने परभणीला सरकारी दवाखान्यात आलो. डॉक्टर हैदराबादकडचे आहेत. तोंड उघडायला लावून आत बत्ती धरून बघितलं. टाळूला बोट लावलं. नाकात चिमटा घातला तर असं रक्त आलं की मलाच घेरी आली.

त्यांनी कमलला बाहेर बसायला सांगितलं आणि मला समोर बसवलं. निम्मं उर्दूत, निम्मं मोडक्यातोडक्या मराठीत बोलले. गालाच्या हाडात आत एक पोकळी असते. त्या पोकळीत गाठ झाली आहे. ती वाढत वाढत दाढेच्या मुळाशी आली, म्हणून दाढ हलली. नाकात शिरली, म्हणून नाक बंद. वर डोळ्याखाली गेली, म्हणून डोळा ढकलला जातो आहे. दाढेचा यात काही दोष नव्हता. हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात जा आणि डाव्या बाजूचा वरचा जबडा काढून घ्या, म्हणाले. टाळूही निम्मी जाईल. उशीर केला तर डोळा, आणि डोळ्यानंतर मेंदू.

मी विचारलं, नाक? ते म्हणाले, नाकाच्या आतली भिंतही काढावी लागेल. मी उठलो. साहेब, म्हटलं, मी नाकावर पोट भरतो. त्यांनी बत्ती बाजूला ठेवली. काहीतरी विचारायला ओठ हलवले, पण विचारलं नाही.

कमल दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. तिला सांगितलं, गुळण्यांचं औषध दिलंय. ती म्हणाली, बरं.

कार्तिक शुद्ध १०

गाडीत बसायला चांगली जागा मिळाली. सणासुदीचे दिवस असूनही आमच्या बाकावर कुणी बसलं नाही.

कार्तिक वद्य १

ठरवलं आहे, जायचं नाही. अर्धं तोंड कापलेला माणूस मोंढ्यात बसवून घेईल कोण? बोललं तर शब्द नाकातून येणार, पाणी प्यायलं तर तेही. आणि वासच गेला तर मी कोण? वालूरला दोन एकर जिरायत आहे, ती करायला अंगात बळ नाही. डॉक्टरांना कापायची हौस असते, न्हाव्याला काढायची. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं. जाईल हळूहळू. जुनं तूप चालू आहे.

कमलला यातलं काही सांगितलं नाही. तिने उगाच रडून घर डोक्यावर घेतलं असतं. गुळण्या मात्र रोज न चुकता समोर उभी राहून करायला लावते. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. औषध म्हणून मीच तिला सांगितलेल्या.

मार्गशीर्ष शुद्ध ५

थकवा. काही लिहावंसं वाटत नाही.

मार्गशीर्ष वद्य ३

जालन्याहून चार डबे परत आले. सगळे मी अव्वल म्हटलेले. आत चरबी निघाली. आबासाहेब रागावले नाहीत, त्याचंच वाईट वाटलं. स्वतः घरी आले, ओट्यावरच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. म्हणाले, बन्सीधरराव, थंडीभर आराम करा, बैठक कुठे पळून जात नाही. मी म्हटलं, सर्दी निघाली की येतो. ते हो म्हणाले. मग कमलकडे बघितलं. दोघांनी एकमेकांकडे ज्या नजरेने बघितलं ती मला आवडली नाही. माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतं आहे. आबासाहेबांना बैठकीवर दुसरा माणूस बसवायचा असेल आणि कमलला ते आधीच माहीत असेल.

आता दिवसभर घरात. डावा डोळा उजव्याच्या वर चढल्यासारखा झाला आहे. नाकाने श्वास घेणं दोन्हीकडून बंद. तोंड उघडं टाकून झोपतो, उठतो तेव्हा जीभ लाकडासारखी झालेली असते. लेक भेटायला आली होती, पोराला घेऊन. पोरगा माझ्याजवळ आला आणि रडायला लागला. लेक म्हणाली, डोळ्याला भ्यायला. त्याच दिवशी परत गेली. राहणार होती.

पौष शुद्ध २

कमलवर ओरडलो. कारण काही नव्हतं. ती ऊद घालत होती. मी म्हटलं, मी मेल्यावर घाल तो, आता कशाला? ती बाहेर गेली. परसात बराच वेळ खोकत होती, का ओकत होती, कळलं नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पुन्हा येऊन शेजारी बसली. एवढी माणसं लांब गेली आणि ही मात्र चिकटून बसते, याचाही राग येतो. माणसाला दुखण्यात कुणावर तरी राग काढावा लागतो आणि जवळ दुसरं कुणी नाही.

पौष शुद्ध १२

आज काय झालं ते लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

आबासाहेबांच्या आईच्या पायावर आधणाचं पाणी सांडलं. त्यांनी माणूस पाठवला, जुनं तूप असेल तर वाटीभर द्या. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी माझ्याकडे कुणी काही मागितलं. कमलला म्हटलं, काढ बरणी. ती म्हणाली, मी देते नंतर, तुम्ही पडा. म्हटलं, माणूस दारात उभा आहे. ती म्हणाली, आता थोडंच राहिलंय, तुम्हालाच लागेल. कमलने कधी कुणाला औषध नाकारलेलं मला आठवत नाही. मी उठलो, भिंतीला धरत फडताळापर्यंत गेलो आणि बरणीचं झाकण काढलं.

आत मीठ होतं. खडेमीठ, गळ्यापर्यंत भरलेलं. बरणी घासून पुसून लख्ख केलेली.

माणसाला तसंच परत पाठवलं. मग कमलला विचारलं. ती म्हणाली, तूप दसऱ्याच्या आधीच संपलं. मी म्हटलं, मग रोज संध्याकाळी काय सोडतेस? म्हणाली, घरचं. ताजं.

मी खाली बसलो. ताजं तूप. नवरात्रापासून रोज संध्याकाळी ती ताज्या तुपाचे थेंब सोडत होती आणि मी म्हणत होतो, बघ कसा भपकारा येतो, जुनं ते जुनं, वडिलांचा हात कळतो. पोरालाही ताजं आणि जुनं तूप डोळे मिटून ओळखता येतं. मला ओळखता आलं नाही. भिवराबाईचं करपट तूप, जालन्याचे डबे, सगळं एका दमात समोर उभं राहिलं. मी नाक वाचवायला हैदराबादला जात नव्हतो. वाचवायला काही उरलेलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट समजायला जरा वेळ लागला. बरणी रिकामी, तर माणसं तोंड फिरवत होती ती कशाने? लिंबाजीचं फडकं कशाला? आबासाहेब ओट्यावर का उभे राहिले? लेक त्याच दिवशी का गेली? हे उपास कसले? हा ऊद कसला?

विचारलं. तिने चुलीत लाकूड सारलं. मी म्हटलं, कमल, माझ्या तोंडाला वास येतो का? तिने मान डोलावली. मी म्हटलं, किती? ती म्हणाली, "नका इचारू."

मला रडू आलं. शरमेने आलं. इतके महिने मी तिला शेजारी बसवून जेवलो. पाणी दे, वात घाल, जवळ ये म्हणालो. बैठकीवर बसून माणसांना तुपाची गोष्ट सांगत होतो आणि तीही हो म्हणत होती. मी विचारलं, तू मला का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "तुमाला त्या बरणीचा आधार व्हता. वास तुपाचा हाय म्हणून तुमी मोंढ्यात ताठ बसायचे. तेवढं काढून घ्यायला माझं मन होईना."

मग चुलीकडे बघत म्हणाली, "परभणीला मी दाराशीच व्हते. डाक्टर काय बोलले ते समदं ऐकलं मी. तुमी गुळण्या म्हणाले, मी बी गुळण्या म्हणलं. रोज वाटायचं, आज तुमीच उठून म्हणताल, चल हैदराबादला. आता बास झालं. आर्धं तोंड न्यायचं तर न्या म्हणावं, पर माणूस ठिवा."

आबासाहेबांनी जायची सोय कधीचीच करून ठेवली आहे म्हणे. मोठ्या दवाखान्यात त्यांच्या ओळखीचा माणूस आहे. तेच दोघांचं शिजत होतं. फक्त मी उठायचं बाकी होतं.

पौष वद्य १. गाडीत

पूर्णेला गाडी बराच वेळ थांबली, म्हणून लिहितो. सबंध बाक आम्हा दोघांना मिळाला आहे. पलीकडच्या बाकावर माणसं दाटीवाटीने बसली आहेत, पण इकडे कुणी येत नाही. या खेपेला कारण माहीत आहे. मी खिडकीकडे तोंड करून बसलो आणि कमलला म्हटलं, तू तिकडे बस, लांब. ती म्हणाली, तिकडे ऊन येतं. ऊन खरं तर आमच्याच बाजूला होतं.

पौष वद्य ४. हैदराबाद

वॉर्ड लांबलचक आहे. मला अगदी टोकाची खाट दिली आहे. कमल जवळच्या सराईत उतरली आहे. बायकांना वॉर्डात फक्त संध्याकाळी येऊ देतात.

मोठे सर्जन बघून गेले. वयस्कर माणूस, पांढरी दाढी, हात गार. त्यांनी नाक आक्रसलं नाही की रुमाल काढला नाही. इतक्या जवळ येऊन बघितलं की मीच श्वास रोखला. त्यांचं म्हणणं परभणीच्या डॉक्टरांसारखंच, पण एक गोष्ट वेगळी सांगितली. गाठीने नाकातला पडदा ढकलून चांगली नाकपुडीही बंद करून टाकली आहे. गाठ गेली की ती बाजू मोकळी होईल. वास परत येईल का, मी विचारलं. म्हणाले, कदाचित. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नाक की फिक्र छोडो, बन्सीधर. जान बचाने आए हो. और देर करते तो ये भी मेरे हाथ में न रहती."

डोळा राहील की नाही ते उघडल्यावरच कळेल. गाठ पुन्हा येणारच नाही असंही ते म्हणाले नाहीत. मी सही केली. भीती वाटली नाही. भीती वाटायलाही अंगात बळ लागतं.

पौष वद्य ६

उद्या सकाळी. कमल आली होती. तिने विचारलं, फार दुखल का? मी म्हटलं, झोपवून करतात. ती म्हणाली, मग बरं. मी तिला सांगितलं, माझं काही झालं तर वालूरच्या जमिनीवर दिरांना बसू देऊ नकोस. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, काल सराईत पोटभर जेवले. हे ती का सांगत होती कोण जाणे. मला मात्र ते ऐकून सगळ्यात बरं वाटलं.

माघ शुद्ध ३

जिवंत आहे. डोळा राहिला. आज एवढंच.

माघ शुद्ध ७

पेन्सिल धरवते. गालाच्या आत औषधाची पट्टी ठासून भरली आहे, गालावरून ओठापर्यंत टाके. दूध नळीने घेतो. बोलायला गेलो तर शब्द नाकाच्या वाटेने निघतात आणि परिचारिकेला काही कळत नाही. कमलला कळतं. कसं कळतं, देव जाणे. म्हणाली, "सर्दीत बी तुमी असंच बोलत व्हते की."

शेजारच्या खाटेवरचा माणूस रात्रभर कण्हत असतो. माझ्या अंगात त्याची कीव करण्याइतकंही त्राण नाही.

माघ शुद्ध १३

पट्टी काढायला सुरुवात झाली. आतून काढतच राहिले, काढतच राहिले, जणू माझ्या तोंडातून कुणी पागोटं उलगडत होतं. दुखलं फार. परवा उरलेली काढणार. नंतर टाळूच्या भोकाला रबराची चकती करून देणार आहेत. ती बसवली की पाणी खाली जाईल आणि बोलणंही माणसाला कळेल असं होईल. सर्जन म्हणाले, जखम साफ आहे. तीन महिन्यांनी दाखवायला या. मग पुन्हा. मग पुन्हा. त्यांनी कितीदा ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

माघ पौर्णिमा

आज सकाळी शेवटची पट्टी निघाली. उजव्या नाकपुडीने श्वास घेतला. वारा आत गेला आणि त्याबरोबर वास.

आधी फिनेल. मग गरम कपड्यांचा, इस्त्रीचा. मग पलीकडे कुणीतरी मोसंबं सोललं, त्याचा. मी डोळे मिटून पडलो आणि एकेक ओळखत राहिलो. वडील म्हणायचे, पारख्याने आधी श्वास सोडावा, मग घ्यावा. तसंच केलं. चुकलो नाही. परिचारिकेने विचारलं, रोते क्यूँ हो? मी मान हलवली. ठरवलं होतं, संध्याकाळी कमल आली की पहिली तिलाच सांगायची ही गोष्ट.

कमल आली. खाटेच्या कडेला बसली, मला पाणी पाजायला वाकली, आणि तो वास आला.

आधी वाटलं माझाच आहे. हात तोंडावर धरून बघितलं, नाही. जखम सकाळीच धुतलेली, औषधाचा वास तेवढा. तिने पदर सावरला तेव्हा कळलं. वास तिच्या लुगड्याला होता. सडलेल्या मांसाचा, पू मिसळलेला. कुठल्याही तुपाचा असला वास होत नाही. भर उन्हाळ्यात झाकून ठेवलेल्या डब्याचाही नाही. श्रावणापासून ती माझं तोंड त्या पदराने पुसत होती. धाग्याधाग्यात मुरला होता. तिच्या हाताला होता, केसांत होता. हा माझा वास. याच्याशेजारी बसून ती भात कालवत होती.

मी पदराकडे बोट केलं. तिने घाईने तो उचलून बघितला. म्हणाली, काय, डाग हाय का? तिने पदर नाकाशी नेला, हुंगला आणि माझ्याकडे बघितलं. "काल तर धुतलं. दोन डाव धुतलं. कशाचाबी वास न्हाई."

तिला खरंच येत नव्हता. महिनोन्‌महिने त्यात राहून तिला तो कळेनासा झाला आहे. सराईत बायका तिच्यापासून लांब बसत असतील आणि तिला वाटत असेल, परगावच्या बायका, ओळख नाही म्हणून.

तिने विचारलं, "वास यायला लागला का तुमाला?" तोंडाशी आलेलं होतं. दिवसभर हेच सांगायचं म्हणून वाट बघितली होती.

मी मान हलवली. म्हटलं, नाही, अजून नाही. शब्द नाकातून गेले, पण तिला कळले. उद्या आबासाहेबांच्या माणसाकडून दोन नवी लुगडी मागवीन. हे जुनं फेकायला काहीतरी कारण काढावं लागेल. कारण मिळालं की मग सांगेन.

तिला वाईट वाटलं. म्हणाली, यील हळूहळू. डोळे पुसले, आणि मग त्याच पदराने माझ्या ओठावरून ओघळलेलं पाणी पुसायला वाकली. मी तोंड फिरवलं नाही.